गडग्याच्या कडेनं चालणं

एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसून माझी सगळी नोकरी झाली. उशिरा आलेल्या ड्रायव्हरांची कारणं ऐकणं हा त्या नोकरीचा अर्धा भाग. टायर बसला, म्हैस आडवी आली, फोंडाघाटात धुकं होतं. भर मे महिन्यातही मला धुकं सांगणारे महाभाग होते. त्यामुळे माणूस बोलू लागला की तो हे का सांगतोय, ते आधी बघायची सवय लागली आणि निवृत्त झाल्यावरही ती सुटली नाही. कुडाळच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघून "साखर फार वाढली आहे" असं म्हटलं, तेव्हाही मी पहिल्यांदा त्यांच्या टेबलावरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"रोज सकाळी चाला, भात निम्मा करा, तळलेलं बंद," डॉक्टर म्हणाले. "तीन महिन्यांनी परत तपासू. उतरली नाही तर इन्सुलिन सुरू करावं लागेल."

सुईचं नाव निघाल्यावर माझा संशय जरा नरमला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. "भात निम्मो?" ती म्हणाली. "आणि माशाची कढी खंय घालतलास, डॉक्टराच्या डोक्यार?" पण दुसऱ्या दिवशी ताटात नाचणीची भाकरी आली, बांगडा तळायचा थांबला आणि सकाळची उकड्या तांदळाची पेज बंद झाली. पुण्याच्या मुलानं ओट्सचा डबा कुरियरनं पाठवला. तिनं तो उघडून हुंगला आणि म्हणाली, "ह्या तर गुरांचा आंबोण." तो डबा अजून फळीवर आहे.

खाणं घरातल्या घरात बदलता आलं. चालणं मात्र चव्हाट्यावर आलं. आमच्या गावात माणूस उगाच चालत नाही. तो कुठे तरी जातो, आणि कुठे ते वाटेतल्या प्रत्येकाला सांगावं लागतं. पहिल्या सकाळी मी मालवणच्या रस्त्याला लागलो, तर प्रत्येक पडवीतून "खंय चललास?" सुरू झालं. "खंय नाय, असोच" म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा बदलायचा. असोच म्हणजे काय? घरात भांडण झालं की काय? दुसऱ्या दिवशी मोटारसायकली थांबू लागल्या. "बसा, सोडतंय." नको म्हटलं तर राग. एकानं तर मला जबरदस्तीनं मागे बसवून स्टँडवर नेऊन सोडलं आणि मी रिक्षानं घरी आलो. बायकोनं सुचवलं, हातात रिकामी पिशवी घ्या, लोकांना वाटेल बाजारात चाललात. पिशवी घेतली, तर परतताना सगळे तिच्यात डोकावून बघायचे की मासळी काय मिळाली. रिकाम्या पिशवीनं माझी जेवढी अब्रू गेली तेवढी नोकरीत कधी गेली नव्हती.

मग मी बागेत चालायला लागलो. घरामागे आमची काजूची बाग आहे, उतारावर, पार खाडीपर्यंत गेलेली. तिला चारी बाजूंनी गडगा आहे, म्हणजे जांभ्या दगडांची सुकी रचलेली भिंत. गडग्याच्या आतल्या बाजूनं पायवाट होती, फक्त खाडीकडच्या कोपऱ्यात काटे माजले होते. एक फेरी घातली की चांगला घाम यायचा, कोणी 'खंय' विचारायला नव्हतं, आणि मोटारसायकल तर चढूच शकत नव्हती.

फक्त ती बाग माझ्या एकट्याची नाही, हे इथं सांगायला हवं. ती माझी आणि माझ्या चुलतभावाची सामायिक आहे. तो माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणतो, त्याचं घर आमच्या अंगणाला लागून. आमचे बाप सख्खे भाऊ. याच बागेच्या वाटपावरून त्यांची बोलाचाल बंद झाली ती कायमची. माझे वडील वारले तेव्हा काका पडवीत बसून होता, पण अंगणात उतरला नाही. पुढे काकाही गेल्यावर मी आणि दादानं बोलायला सुरुवात केली. कोणी मध्यस्थी केली नाही, कागद केला नाही. काजू एकत्र वेचायचे आणि वाटप हा शब्द कधी काढायचा नाही, एवढ्यावर आमचं चाललं होतं. त्याला खाडीत खेकडे मिळाले की टोपलीभर कुर्ल्या आमच्याकडे यायच्या. मला सख्खा भाऊ नाही. दादा परत गमवायचा नाही, हे मी मनाशी धरलं होतं.

मुलानं माझ्या फोनमध्ये चालण्याचं अॅप घालून दिलं होतं. "तुम्ही चाललात की मला इथं दिसेल, म्हणजे टाळाटाळ चालणार नाही," असं तो म्हणाला होता. मला बरं वाटलं होतं. बाप चालला की नाही हे पुण्यात बसून बघणारा मुलगा किती जणांना असतो? तर तो फोन हातात धरून मी फिरायचो, कोपऱ्यावर दम घ्यायला थांबायचो, नाडी बघायचो, फोनमध्ये बघायचो आणि पुढे निघायचो. हे दुरून कसं दिसत असेल, याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

एका सकाळी दादा गडग्यापाशी उभा होता.

"काय रे, रोज सकाळी हंय काय करतंस?"

"चलतंय. डॉक्टरान सांगलान."

"चलूक रस्तो नाय?"

"रस्त्यार लोक चलूक देनत नाय."

"आणि कोपऱ्या कोपऱ्यार थांबान फोनात काय बघतंस?"

मी साखरेचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मी खिडकीत बसून ड्रायव्हरांचं ऐकायचो, अगदी तसं.

त्या आठवड्यात कुर्ल्या आल्या नाहीत. वहिनी आमच्या विहिरीवर यायची, ती नळाचं पाणी भरू लागली. मग एक दिवस मला गडग्याच्या कोपऱ्यातल्या दगडांवर चुन्याचे ठिपके दिसले. ताजे. झालं, माझ्यातला नियंत्रक जागा झाला. दादा मोजणीवाले आणतोय! मला विचारतो फोनात काय बघतंस, आणि आपण स्वतः खुणा करतोय. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय? पुरावा असावा म्हणून मी प्रत्येक ठिपक्याचा फोटो काढला. शेवटचा फोटो काढून मान वर केली, तर तो त्याच्या माडाखाली उभा राहून मला बघत होता. 

साखर राहिली बाजूला. आता मी संशयावर चालत होतो, आणि खरं सांगायचं तर जास्त वेगानं चालत होतो. सकाळी मी फेरी घालायचो, संध्याकाळी तो घालायचा. मी ठिपके बघायचो, तो माझी पावलं बघत असावा. मुलाचा फोन आला की मी त्याला हे सांगत नसे, त्याला कशाला घोर? तो मात्र फार काळजीनं विचारायचा. "बाबा, खाडीकडच्या कोपऱ्यापर्यंत जाता ना? तिथपर्यंत जात जा. चढ चांगला असतो हृदयाला." मीही ऐकायचो आणि काट्याकुट्यातून वाट काढत खाडीपर्यंत जायचो.

मग बायको एकदा देवळातून पाय ओढत आली. चेहरा उतरलेला.

"दादान देवाकडे नारळ ठेवलो हा," ती म्हणाली.

"कोणार?"

"नाव घेवक नाय. 'जो कोण माझी बाग मोजता तेका बघून घे' म्हणान गाऱ्हाणा घातल्यान."

आमच्याकडे अन्याय झाला असं वाटलं, की ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवतात आणि गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो. मग न्याय होईपर्यंत तो नारळ देवाकडेच राहतो, आणि ज्यानं ठेवला त्यानंच तो उचलायचा असतो. कोर्टाची नोटीस आली तर लोक ती चहा पिता पिता वाचतात. पण आपल्यावर नारळ ठेवलाय म्हटलं की भल्याभल्यांचं जेवण जात नाही. मी काही देवभोळा नाही. तरी त्या दिवशी मलाही भाकरी गेली नाही. भीतीपेक्षा राग जास्त होता. तीस वर्षं एकमेकांच्या अंगणात बसलो, आणि हा माणूस मला विचारायचं सोडून देवाला विचारतो?

सोमवारी देवळात माणसं असतात. मी गेलो आणि दादाला बोलावणं धाडलं. तो आला, खांबाला टेकून उभा राहिला. मी गुरवाला सांगितलं की दादाच्याच नारळावर माझंही गाऱ्हाणं आहे, आणि ते मी स्वतः बोलणार.

"बा देवा म्हाराजा," मी म्हणालो. "माझ्यार आळ इलो आसा. मी फक्त माझ्या दुखण्यासाठी चलतंय. ह्या जमिनीचो हातभर तुकडो मी मोजूक नाय, कोणाक मोजूक सांगूक नाय."

"व्हय म्हाराजा," जमलेली माणसं म्हणाली.

इथं थांबायला हवं होतं. पण जीभ तापली होती. "आणि ज्या कोणी ही बाग मोजल्यान," मी म्हणालो, "तेच्या हातापायात बळ ऱ्हवचा नाय."

लोक 'व्हय म्हाराजा' म्हणायला जरा अडखळले. गुरवानं माझ्याकडे बघितलं. "इतक्या कठीण बोलूक होया?"

"होया," मी म्हणालो. मग लोकांनीही म्हटलं.

बाहेर पायरीवर दादा माझ्या शेजारी येऊन बसला. देवापुढचं बोलणं त्यानं मानलं होतं, ते त्याच्या बसण्यावरूनच कळलं. म्हणाला, तारकर्लीकडचे कोणी तरी दोघे गाडी घेऊन आले होते. पर्यटकांसाठी खोल्या बांधायला जागा शोधतात. दुकानावर आपल्या बागेची चौकशी करत होते.

"चौकशी सगळेच करतत," मी म्हणालो.

"तेंका बागेचो आकार ठाव होतो रे. खाडीकडसून ती वळता ता पण. कोणीतरी आतसून माप देता. आणि तू रोज फोन धरून फिरतंस. मी काय समजूचा?"

चुन्याचे ठिपके त्यानंच केले होते, कोणी दगड हलवतो का ते कळावं म्हणून. मी माझे फोटो दाखवले. तो हसला, मीही हसलो. वाटलं, बाप हसले असते तर किती वर्षं वाचली असती.

"मगे नारळ उचलतंस?" मी विचारलं.

"नाय," तो म्हणाला. "तू नाय तर दुसरो कोणतरी आसा. तो गावासर ऱ्हवांदे."

तो माणूस सापडेपर्यंत नारळ देवाकडेच राहू दे, हे मलाही पटलं. त्या दिवसापासून दादाही माझ्याबरोबर चालू लागला. त्याचं ब्लडप्रेशर बरंच वाढलेलं होतं, ते त्यानं घरात कोणाला सांगितलं नव्हतं. चालता चालता आम्ही फितूर कोण ते शोधायचो. तलाठ्याच्या कचेरीतला शिपाई? काजू घ्यायला येणारा व्यापारी? वरच्या वाडीतला तो नवीन इंजिनीअर, ज्याच्याकडे आकाशात उडणारा कॅमेरा आहे? गावात एक माणूस आम्ही सोडला नाही. सकाळच्या हवेत संशयाला भूक चांगली लागते. परत टोपलीतून कुर्ल्या येऊ लागल्या, वहिनी विहिरीवर दिसू लागली. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि "छान, असंच चालू ठेवा" म्हणाले. या वेळी मी कॅलेंडरकडे बघितलं नाही.

त्याच रविवारी मुलाचा फोन आला. आमच्या घरात सगळे मालवणी बोलतात, मुलगाही. पण त्याचं काही काम असलं की तो पुस्तकातलं मराठी बोलतो, जसं आपण कचेरीत बोलतो. त्या दिवशी तो पहिल्या वाक्यापासून तसं बोलला.

"बाबा, एक चांगली बातमी आहे. चिडू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या."

मी ऐकून घेतलं. तारकर्लीची पार्टी त्याच्याच मित्राच्या ओळखीची होती. त्यांना जागेचा अंदाज हवा होता, आणि मोजणीला अर्ज केला असता तर दादाला नोटीस गेली असती. पण मी रोज गडग्याच्या कडेनं चालत होतो. मी चाललो की त्याच्या फोनमध्ये नकाशावर माझ्या वाटेची रेघ उमटायची. खाडीकडचा कोपरा तेवढा राहिला होता, तोही मी नंतर भरून दिला. "तुमच्या चालण्यानं किती सोपं झालं, बाबा. आकार इतका नेमका मिळाला की त्यांना जागा आवडलीच. आता फक्त आपला अर्धा हिस्सा वेगळा करून घ्यायचा."

मी त्याला काय बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. मी आहे तोवर बाग विकली जाणार नाही आणि तुटणारही नाही, एवढं शेवटी ठणकावून सांगितलं.  तो म्हणाला, "बाबा, आज ना उद्या ते करायचंच आहे." मी फोन ठेवला.

सगळ्या गावावर मी संशय घेतला. एक घर सोडलं, तेही माझंच.

पण खरं सांगतो, पहिला विचार मला बागेचा आला नाही. देवळात भरल्या माणसांत मी जे बोललो होतो ते आठवलं. ज्या कोणी मोजल्यान तेच्या हातापायात बळ ऱ्हवचा नाय. माझा मुलगा पुण्यात रोज मोटारसायकलनं कामाला जातो. मी घाबरलो. देवभोळा नाही म्हणणारा मी देवघरापुढे जाऊन हात जोडून आलो. बायकोला सांगितलं तर तिनं आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "आदी दादाकडे जावा." तिचं बरोबर होतं. नारळ दादाचा होता, तो उचलायचा तर दादालाच उचलावा लागणार. आणि त्यासाठी त्याला सांगावं लागणार, की तुझा संशय खरा होता आणि माझी शपथ खोटी. त्यानं अंगणाचा दरवाजा परत लावून घेतला असता, तर त्याला दोष देता आला नसता.

सकाळी तो नेहमीसारखा काठी घेऊन बागेत आला. मी फोन घरीच ठेवला होता. दोन पावलं चालल्यावर मी थांबलो आणि सगळं सांगून टाकलं, मुलाचं नाव न वगळता. दादा गडग्यावर बसला.  मी उभाच होतो, बसायची हिंमत झाली नाही.

"तुका ठाव होता?" त्यानं विचारलं.

"आईशप्पत नाय."

"शपथी पुरे कर आता," तो म्हणाला. त्यानं काठीनं गडग्याचा एक सुटा दगड सारखा केला. मग म्हणाला, "तू देवळात काय बोललंस, ता झिलाक सांगलंस?"

"नाय."

"सांगू नको. पोर उगाच घाबरात." तो काठीवर जोर देऊन उठला. "माझो पण मुंबयत आसा. तो काय वेगळो नाय. तो फोन कमी करता, इतक्याच."

आम्ही तसेच रस्त्यानं देवळात गेलो. वाटेत दोन मोटारसायकली थांबल्या, दादानं नुसता हात हलवला आणि त्या निघून गेल्या. मला हे कधी जमलं नव्हतं. गुरव गाभारा झाडत होता. दादानं त्याच्या कानात काय सांगायचं ते सांगितलं. आम्ही तिघेच होतो. गुरवानं नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, ह्या दोन भावांनी तुझ्याकडे रागान बोलणा घातला होता. ता आज ते मागे घेतत. लेकरा अजाण आसत, कोणाच्या हातापायाक काय होव नये."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. 

"आणि हे दोघे आसत तवसर ही बाग एक ऱ्हवतली. तेच्या पुढचा ते काय सांगूक शकनत नाय. म्हणान म्हाराजा, दोघांकय आयुष्य दी."

"व्हय म्हाराजा," दादा मोठ्यानं म्हणाला.

त्यानं स्वतःच्या हातानं नारळ उचलला आणि पायरीवर फोडला. एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, मला दिली. सवयीनं मी खोबरं तोंडात टाकणार होतो, तेवढ्यात त्यानं मला अडवलं.

"वायच खा. ऐकलंस मा आता? लवकर मरान आपणाक परवडाचा नाय."

आणि तो काठी टेकत, माझ्यासाठी न थांबता, पुढे चालू लागला.